घरोघरचे आरोग्य : सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांची वाटचाल

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत, पण त्यांच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास वेगवेगळा लिहायला बसले तर पहिल्याच पानावर अडायला होते. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि आसपासची विलीन झालेली संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णा दोन्हीकडून वाहते, पश्चिमेला दोन्हीकडे सह्याद्रीचा पाऊस आहे आणि पूर्वेला माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत दुष्काळाचा एकच पट्टा आहे. रोगांनी जिल्ह्याची हद्द कधी पाळली नाही. म्हणून या स्मरणिकेत दोन्ही आरोग्य विभागांची हकिगत एकत्रच सांगितली आहे.

आधी थोडे मागे जावे लागेल. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. पुढे इलाख्यातल्या जिल्ह्यांत लस टोचणारे नेमले गेले आणि गावोगाव त्यांना ‘देवी डॉक्टर’ म्हणू लागले. लस पुरवण्यासाठी बेळगावला संस्था उभी राहिली. त्या शहरातले व्हॅक्सिन डेपो मैदान आजही त्या कामाचे नाव सांगते. देवी डॉक्टर गावात आला की पाटील दवंडी देई आणि आया पोरांना घेऊन ज्वारीच्या रानात लपत. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी घडत. घरात देवी आली म्हणजे माता आली, तिला सुईने डिवचायचे नाही, हा समज इतका खोल होता की केवळ कायद्याने तो हलणारा नव्हता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वर्षभरात तो घाटावर पोचला. गावे उठून रानात झोपड्या घालून राहू लागली. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, हा आरोग्याचा सल्ला लोकांनी अनुभवातून स्वतःच काढला होता आणि तो बरोबर होता. याच प्लेगमध्ये सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक, सावित्रीबाई फुले, पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. डॉक्टर झालेल्या त्यांच्या दत्तक मुलाने, यशवंताने, हडपसरजवळ दवाखाना घातला होता आणि मुंढव्याहून प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या. त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या आरोग्य विभागांच्या परंपरेतले पहिले नाव त्यांचेच घ्यावे, असे मला मनापासून वाटते. रोग्याच्या दारापर्यंत जाण्याचा जो वसा पुढे हजारो नर्सबाईंनी चालवला, त्याची सुरुवात तिथे आहे.

त्याच दशकात मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभे केले. कॅनडात जन्मलेला हा डॉक्टर आधी सांगलीत दवाखाना चालवत होता. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. कुष्ठरुग्णांसाठी आश्रम झाला आणि १९२० मध्ये सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्या वस्तीला लोक वानलेसवाडी म्हणतात. मिरजेची शस्त्रक्रियेची कीर्ती दूरवर गेली आणि या मुलखात ‘मिरजेला न्या’ हे आजारपणातले शेवटचे वाक्य झाले. त्या रुग्णालयाचे ऋण मोठे आहे. पण मिरजेला नेण्याची वेळच येऊ नये, यासाठी गावात कोण होते? लोकल बोर्डाचा एखादा दवाखाना, वर्षाकाठी फिरकणारा देवी डॉक्टर आणि गावची सुईण. बस्स एवढेच.

हे चित्र बदलले ते १ मे १९६२ रोजी. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा मुख्यमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात, तर त्यांची कर्मभूमी कऱ्हाड सातारा जिल्ह्यात. लोकल बोर्डाचे दवाखाने, लस टोचणारे, प्राथमिक आरोग्य केंद्रे असे सगळे जिल्हा परिषदेच्या छत्राखाली आले. त्याच वर्षी मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. म्हणजे एकाच वर्षी या भागाला डॉक्टर घडवणारी संस्था मिळाली आणि घरोघर जाणारी यंत्रणाही मिळाली. वर्तमानपत्रांनी पहिलीचे जास्त कौतुक केले असेल, तर त्यात नवल नाही. पण बालमृत्यू कमी होण्याचा हिशेब मांडायचा झाला तर दुसरीकडेच पाहावे लागते.

सुरुवातीची वर्षे देवी आणि हिवतापाशी झुंजण्यात गेली. देवीच्या मोहिमेत पूर्वी दंडावर दातेरी गोल हत्यार टेकवून फिरवत. ते दुखे आणि पोरे टाहो फोडत. साठीच्या दशकाच्या अखेरीला दुतोंडी सुई आली, तिने काम सोपे केले. लसीचा थेंब दोन टोकांमध्ये अडकतो, पंधरा वेळा झरझर टोचायचे की झाले. पण घराघरात शिरून ‘पुरळ उठलेले कोणी आहे का’ असे विचारणे आणि खोट्या उत्तरामागचे खरे ओळखणे हेच खरे कौशल्य होते. पुरळ आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड खिशातून काढून आजीला दाखवायचे. आजी लिहिता-वाचता येणारी नसली तरी चित्र पाहून बोलू लागे. १९७५ मध्ये देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले आणि भिंतीभिंतींवर ते रंगवले गेले. ते घ्यायला कोणी पुढे आले नाही, कारण रोगीच उरला नव्हता. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. नंतर जन्मलेल्या पिढीच्या दंडावर देवीचा व्रण नाही.

हिवतापाची कथा इतकी सरळ नाही. १९५८ च्या निर्मूलन कार्यक्रमात फवारणीची पथके आली. डीडीटी मारून झाली की दाराशेजारी तारीख लिहून जात. देशभर रोगी लाखाच्या आसपास उतरले आणि यंत्रणा सैलावली. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांवर रोगी नोंदले गेले. ‘संपला’ म्हटलेला रोग दहा वर्षांत परत येतो, हा धडा विभागाने तिथे घेतला. बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा ठिपका घ्यायचे काम आरोग्य सेवकाने नंतर कधी थांबवले नाही.

आता उपकेंद्राबद्दल. आरोग्य विभागाचा खरा संसार तिथेच चालतो, म्हणून तिथे थोडे थांबले पाहिजे.

सपाटीवर साधारण तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ भागात वीस हजाराला एक. त्याखाली पाच हजारांना एक उपकेंद्र, पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरात तीन हजारांना एक. उपकेंद्रात एक एएनएम, म्हणजे गावाच्या भाषेत नर्सबाई. नंतर तिच्या जोडीला पुरुष आरोग्य सेवक आला. कागदावर ही रचना नीट दिसते. प्रत्यक्षात तीन हजार लोकसंख्या म्हणजे कोयनेच्या खोऱ्यात आठ-दहा वाड्या, मध्ये ओढे, आणि पावसाळ्यात चार महिने एसटी बंद. नर्सबाईचा फिरतीचा कार्यक्रम महिन्याच्या सुरुवातीला भिंतीवर लागे. कोणत्या वाराला कोणती वाडी, हे ठरलेले. तिला थंड पेटीतल्या लशी बर्फ वितळायच्या आत संपवून उरलेल्या परत न्यायच्या असत. विजेची खात्री नव्हती त्या काळात लसीच्या कुपीची काळजी तिने आपल्या लेकरासारखी घेतली.

पण लस ही तिच्या पिशवीतली फक्त एक वस्तू. गरोदर बाईचे नाव लवकरात लवकर नोंदवायचे, धनुर्वाताची दोन इंजेक्शने द्यायची, लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि त्या खाल्ल्या जातात की उतरंडीमागे पडून राहतात हेही पाहायचे. गोळ्यांनी शौचाला काळे होते म्हणून बायका घाबरत. ते आधीच सांगून ठेवणारी नर्सबाई गोळ्या खाववू शके. न सांगणारीच्या गोळ्या उतरंडीमागेच जात. बाळंतपण बहुधा घरी होई. नाळ हाताशी असलेल्या विळ्याने कापली जाई आणि आठव्या दिवशी बाळ ताठ होऊन दगावले की बाहेरची बाधा झाली असे म्हणत. त्यावर विभागाने काढलेला मार्ग साधा होता. सुईणींना बोलावून प्रशिक्षण दिले आणि हातात एक पुडके ठेवले. त्यात नवे ब्लेड, स्वच्छ दोरा आणि साबण होता. सुईण गावातलीच, तिच्यावर तीन पिढ्यांचा विश्वास. तिला हटवायचे नाही, तिच्या हातातला विळा तेवढा बदलायचा. हा निर्णय मी विभागाच्या सर्वांत शहाण्या निर्णयांत गणतो.

बाळ झाले की पहिला चीक पिळून टाकायचा आणि तीन दिवस गूळपाणी चाटवायचे, अशी घरोघर रीत होती. इथे सुनेला सांगून उपयोग नसे. नर्सबाई सासूपाशी बसे, तिच्या गुडघेदुखीची चौकशी करी, चहा घेई आणि मग विषय काढी. सासूला पटले की सून आपसूक येई. जुलाबाच्या दिवसांत जलसंजीवनीची पुडी आणि ती नसली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे नुसते सांगून ती निघत नसे, घरातलाच तांब्या आणि चमचा घेऊन त्या माउलीकडून एकदा करवून घेई. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडायची जुनी सवय व्याख्यानांनी मोडलेली नाही. ती अशी तांब्या-चमच्याने मोडली.

आणि हे सगळे रजिस्टरात चढे. पात्र जोडप्यांचे रजिस्टर वेगळे, गरोदर मातांचे वेगळे, लसीकरणाचे वेगळे, जन्म-मृत्यूचे वेगळे. दिवसभर पायपीट करून रात्री कंदिलाच्या उजेडात नर्सबाई आडव्या रकान्यांत बारीक अक्षरांत लिहीत बसे. एखाद्या घराच्या ओळीपुढे लाल शाईने फुली असली तर पुढच्या फेरीत त्या घरी आधी जायचे. ही पद्धत कोणी शिकवली नाही, कामातून आली.

या कामाला मोठा तडा गेला तो आणीबाणीत. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण तोवर लोकांच्या ओळखीचा झाला होता. शस्त्रक्रियेचे कॅम्प होत होते, लोक आपणहून येतही होते. १९७६ मध्ये मात्र टार्गेट आले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, पण खाली पोचायचा तो धाक पोचलाच. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य सेवक या सगळ्यांना ‘केसेस’ आणायचे आकडे दिले गेले. बार्शीतल्या जबरदस्तीच्या बातम्या आल्या तेव्हा शेजारच्या जिल्ह्यांत जीप दिसताच माणसे रानात पळू लागली. शंभर वर्षांपूर्वी देवी डॉक्टरला पाहून आया जशा पळत, तशीच. ज्या नर्सबाईने त्या घरातली दोन बाळंतपणे केली होती, तिलाच दार उघडेनासे झाले. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ झाले, पण नाव बदलून विश्वास परत येत नाही. तो मिळवायला पुढची आठ-दहा वर्षे लागली. लसीकरणाच्या रजिस्टरातले त्या वर्षांतले रिकामे रकाने ही त्या सक्तीची किंमत आहे, आणि ती लहान मुलांनी मोजली. हे सगळ्या सत्काराच्या भाषणांत गाळले जाते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

१९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला आणि उपकेंद्राला पुन्हा बळ आले. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला. या दोन जिल्ह्यांपुढे एक वेगळीच अडचण होती. उसाच्या गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडची तोडणी मजुरांची कुटुंबे कारखान्यांच्या भोवती कोप्या घालून राहतात. त्यांच्या पोरांची लसीची कार्डे गावी राहिलेली, माणसे पहाटे फडात गेलेली आणि फड आज इथे तर उद्या तिथे. ठरलेल्या दिवशी गावातल्या बूथवर हे मूल येणार नाही, हे उघड होते. मग पथके पहाटे कोप्यांवर जाऊ लागली. बैलगाड्या निघायच्या आत थेंब पाजायचे, डाव्या करंगळीला शाई लावायची. ऊसतोडीच्या बाईने कपाळावर घाम असताना मांडीवरचे पोर पुढे करावे आणि कार्यकर्तीने दोन थेंब टाकून लगेच पुढच्या कोपीकडे वळावे, असे शेकडो कोप्यांवर झाले. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यात या कोप्यांवर घालवलेल्या थंडीतल्या पहाटा आहेत.

पाण्याचा विषय मात्र कायमचा. विहिरीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकणे, नळाच्या पाण्यात क्लोरिन आहे का हे पाहण्यासाठी ओटी टेस्ट घेणे, गळक्या पाइपलाइनच्या नोंदी करणे आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देणे. लाल कार्ड मिळालेल्या गावाचा सरपंच दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत हजर होई. एवढ्या साध्या उपायाने काही गावांत जितकी हालचाल झाली, तितकी परिपत्रकांनी झाली नाही. कृष्णेचे पाणी मात्र कार्डाने शुद्ध होत नाही. सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी नदीत जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि काविळीच्या साथी आल्या की विभागाने गोळ्या वाटत फिरायचे हेही. हा प्रश्न आरोग्य विभागाच्या पिशवीत मावणारा नाही. तो नगररचनेचा आणि राजकीय इच्छेचा आहे.

२०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकासमंत्री होते, म्हणून सांगली-साताऱ्यात त्याला घरच्या कार्याचे रूप आले. साताऱ्यातली धामणेर, निढळ, लोधवडे ही गावे नावारूपाला आली. गावकऱ्यांनी स्वतः खराटे हातात घेतले, शोषखड्डे काढले, घरोघर शौचालये बांधली. ज्या कामावर आरोग्य विभाग वर्षानुवर्षे पत्रके वाटत होता, ते स्पर्धा आणि गावाची अब्रू या दोन गोष्टींनी पुढे नेले. पुढे ‘गुड मॉर्निंग पथके’ निघाली, पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना हटकणारी. मला ती कधीच पटली नाहीत. घरात जागा नाही, पाणी नाही, अशा बाईला शिट्टी वाजवून उठवणे हा आरोग्याचा सल्ला नव्हे. जिथे आधी पाणी पोचले तिथे शौचालये वापरात राहिली. जिथे फक्त शिट्टी पोचली तिथे त्यांत गोवऱ्या भरल्या गेल्या.

आता या इतिहासातले सर्वांत अवघड पान. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली फक्त ८५१ निघाल्या. ऊस, द्राक्षे, दूध, सहकार यांनी सधन झालेला जिल्हा आणि हा आकडा. साताऱ्याची स्थितीही फार वेगळी नव्हती. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ मध्येच झाला होता. त्याची अंमलबजावणी कशी करून घ्यायची, हे साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’ने दाखवले. गरोदर स्त्रियांना सोबत घेऊन त्यांनी सोनोग्राफी केंद्रांचे पुरावे गोळा केले. आरोग्य विभागाला हे काम नको असायचे, कारण समोर आपलेच व्यवसायबंधू असत. खटले उभे राहिले तेव्हा मात्र विभागालाही पुढे यावे लागले.

साताऱ्यात घरभेटींच्या वेळी आणखी एक गोष्ट नजरेला आली. तिसरी-चौथी मुलगी झाली की काही घरांत तिचे नावच ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवत, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. ही नावे हजेरीपटात होती, लसीच्या रजिस्टरात होती, नर्सबायांनी वर्षानुवर्षे आपल्या हातांनी लिहिलेली होती. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने सर्वेक्षण करून अशा मुली शोधल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून २८५ मुलींना नवी नावे दिली. मुली नटूनथटून आल्या होत्या, हातात फुले होती, प्रमाणपत्रावर स्वतः निवडलेले किंवा घरच्यांनी नव्याने ठेवलेले नाव होते. काही जणी वीस वर्षांच्या होत्या. कोणी म्हणेल, नाव बदलून काय होते? ज्या मुलीला शाळेत रोज त्या नावाने हाक मारली जाई तिला विचारावे. सरकारी खात्याने मुलीची माफी मागावी तसे ते काम होते, आणि आरोग्य विभागाचे ते काम नव्हे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण प्रश्न संपला नव्हता. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपाताचे प्रकरण उघडकीला आले आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा साऱ्या राज्याची मान खाली गेली.

नामकरणाच्या चार वर्षे आधी, २००७ मध्ये, सातारा जिल्हा परिषदेने आणखी एक वेगळा प्रयोग केला होता. नवविवाहित जोडप्याने पाळणा दोन वर्षे लांबवला तर पाच हजार रुपये, तीन वर्षे लांबवला तर साडेसात हजार. वर्तमानपत्रांनी त्याला ‘हनिमून पॅकेज’ म्हटले, परदेशी पत्रकारही येऊन गेले. योजनेचे खरे मर्म पैशात नव्हते. नवी सून घरात आली की वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे, या दडपणाखाली अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली बाळंत होत होत्या. नर्सबाई आता सासूला सांगू शके की थांबलात तर पैसे मिळतील. सुनेला स्वतःच्या तोंडाने जे म्हणता येत नव्हते, ते म्हणायला एक सरकारी कारण मिळाले. एकोणीसशे शहात्तरच्या टार्गेटशी याची तुलना करून पाहावी. तिथे घरावर हुकूम आला होता, इथे घराशी बोलणी झाली.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर हजार लोकसंख्येला एक आशा स्वयंसेविका आली. ती गावचीच सून, बहुधा शेतात किंवा दुसऱ्याच्या बांधावर काम करणारी. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या की पहिला फोन तिला. गाडी बोलावणे, बरोबर जाणे, बाळ-बाळंतिणीला घेऊन परतणे. घरची बाळंतपणे जवळजवळ थांबली ती तिच्या पायपिटीमुळे. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे आणि तोही वेळेवर यावा म्हणून तिला रस्त्यावर उतरावे लागते. ज्या विभागाने सुईणीला मान देऊन सुरुवात केली, त्याने आशेला अजून कर्मचारी म्हणूनही मानलेले नाही. हे बदलले पाहिजे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहर आणि पलूस, वाळवा, शिराळ्याची गावे पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर चिखलातून घरोघर क्लोरिनच्या बाटल्या आणि लेप्टोस्पायरोसिस टाळण्याची गोळी घेऊन जाणाऱ्यांत बहुतेक जणींच्या स्वतःच्या घरांत अजून गाळ होता. मोठी साथ आली नाही. वर्षाच्या आत करोना आला. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना बाधा झाल्याचे कळले आणि काही दिवसांत ती संख्या पंचवीसच्या आसपास गेली. राज्याचे लक्ष त्या गावाकडे लागले. आरोग्य कर्मचाऱ्यांनी संपर्कात आलेला प्रत्येक माणूस शोधला, भोवतालची घरे रोज तपासली आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले बहुतेक सगळे बरे होऊन घरी गेले. पुढच्या लाटांत हे जमले नाही, साताऱ्याने फार सोसले, दोन्ही जिल्ह्यांत कर्मचारीही गेले. पण पहिल्या वेळी जमले, कारण कोणाच्या घरात कोण राहते हे आधीपासून माहीत असणारी माणसे तिथे होती.

आज उपकेंद्रात वेगळी गर्दी आहे. साखर आणि रक्तदाब तपासायला चाळिशीतले शेतकरी येतात. द्राक्षबागेत औषध फवारून आलेल्या माणसाला हात धुतल्याशिवाय भाकरीला बसू नका, असे सांगावे लागते. तंबाखूची पुडी काढून ठेवा म्हटले की तो हसतो. हा सल्ला देवीच्या लसीपेक्षा कठीण आहे, कारण त्यात टोचून मोकळे होता येत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते. त्यासाठी माणसे हवीत आणि मंजूर पदेच रिकामी असतात. यंत्रे, इमारती, ॲप ही सगळी कामाची आहेत. पण ॲपमध्ये माहिती भरायला नर्सबाईचे तीन तास जात असतील, तर ते तीन तास कोणत्या घरांतून कापले गेले, हे विचारले पाहिजे.

शेवटी एक विनंती. दोन्ही जिल्ह्यांत अनेक जुन्या उपकेंद्रांच्या कपाटांत साठ-सत्तरच्या दशकांतली हाताने लिहिलेली रजिस्टरे अजून पडून आहेत. काहींना वाळवी लागली आहे, काही नव्या इमारतीत जाताना रद्दीत निघाली. ती टाकू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ती गोळा करून जिल्हा परिषदेच्या अभिलेख कक्षात द्यावीत, आणि ज्या निवृत्त नर्सबाई, सुईणी, देवी डॉक्टर आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्याकडे गावातल्या शिक्षकांनी या वर्षीच जाऊन त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात.